हाक मारली, पण ताबा घेतला नाही

महोदय,

स.न.वि.वि.

विमान कोसळलं की चोवीस तासांत 'मानवी चूक की तांत्रिक बिघाड?' असा मथळा येतो. वर्षा-दीड वर्षाने चौकशी अहवाल आला की आतल्या पानावर 'वैमानिकाची चूक' एवढ्या दोन शब्दांत विषय मिटतो. आपल्याच अंकाबद्दल ही तक्रार नाही, सगळीकडे तेच होतं. पण त्या अहवालांतला कामाचा मजकूर त्या दोन शब्दांच्या पुढे सुरू होतो. मंगळूर (२०१०) आणि कोझिकोड (२०२०) हे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचले, तर दुसऱ्या अपघाताची निम्मी कारणं पहिल्या अहवालात लिहिलेली सापडतात. पत्र लांबलं आहे, काटछाट करावी लागली तर आकडे तेवढे ठेवा.

२२ मे २०१०. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७-८०० सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या टेबलटॉप, म्हणजे पठारावर बांधलेल्या आणि टोकाला दरी असलेल्या धावपट्टीवर टेकलं, थांबलं नाही आणि दरीत गेलं. १६६ जणांपैकी आठ वाचले. चौकशी न्यायालयाचे अध्यक्ष होते हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले. कॉकपिटमधल्या आवाजाचं ध्वनिमुद्रण दोन तास पाच मिनिटांचं आहे, आणि त्यातला सुमारे एक तास चाळीस मिनिटं कॅप्टन झोपलेले होते. घोरण्याचा आवाज टेपवर आहे. गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचे हात लगेच चालू लागतात, डोकं मात्र बराच वेळ मागे रेंगाळतं. हिशेब चुकतो, आणि एकदा मनात धरलेलं सोडवत नाही. त्यातून पहाटे दोनपासून सकाळी सहापर्यंतचा काळ म्हणजे शरीराच्या घड्याळातली सर्वांत मंद वेळ.

आता त्या दिवशीची इतर परिस्थिती पाहा. मंगळूरचं रडार २० मेपासून बंद होतं. त्यामुळे खाली येण्याची परवानगी नेहमीपेक्षा उशिरा, विमान बरंच जवळ आल्यावर मिळाली. तीन अंशांच्या नेहमीच्या उतारावर विमान दर सागरी मैलाला साधारण ३०० फूट खाली येतं, म्हणजे दहा मैलांवर ते ३,००० फुटांच्या आसपास हवं. हे विमान शेवटच्या टप्प्यात हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर होतं. उंची उतरवायला नाक खाली घालावं लागतं, नाक खाली गेलं की वेग वाढतो, आणि जास्त वेगाचं विमान जमिनीपाशी येऊन तरंगत राहतं, टेकत नाही. ताशी २७० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे २५० फूट धावपट्टी मागे पडते. चार सेकंद तरंगण्यात हजार फूट गेले. ८,०३३ फुटांच्या धावपट्टीवर हे विमान चाकं टेकवेपर्यंत सुमारे ५,२०० फूट पुढे आलेलं होतं.

अशा वेळेसाठी नियम अगदी सोपा आहे. ढगात किंवा पावसात १,००० फुटांवर, आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर विमान 'स्थिर' असलं पाहिजे. चाकं आणि फ्लॅप्स (पंखांच्या कडेचे हलते भाग) उतरण्याच्या स्थितीत, वेग ठरलेल्या मर्यादेत, खाली येण्याचा दर मिनिटाला १,००० फुटांच्या आत, इंजिनं योग्य शक्तीवर, चेकलिस्ट पूर्ण. यातलं एक जरी नसलं तरी चर्चा न करता वर जायचं, म्हणजे 'गो-अराउंड'. तिथे कोणाच्या कौशल्याचा प्रश्नच येत नाही.

मंगळूरला उप-वैमानिकाने तीन वेळा गो-अराउंड म्हटलं. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्रही ओरडत होतं. कॅप्टननी विमान उतरवलंच. आणि मग, थ्रस्ट रिव्हर्सर (इंजिनाचा जोर उलटा वळवून वेग मोडणारी यंत्रणा) उघडल्यावर, म्हणजे परतीचा रस्ता स्वतःच बंद केल्यावर, त्यांनी पुन्हा उडण्याचा प्रयत्न केला. रिव्हर्सर उघडले की पूर्ण थांबायचं, हा बोइंगचा नियम आहे. टेकल्याबरोबर पूर्ण रिव्हर्स आणि कमाल ब्रेक लावले असते तर विमान धावपट्टीच्या पुढच्या पक्क्या भागातच थांबू शकलं असतं, असं चौकशीत निघालं. पुढे ते आयएलएसच्या (उतरणाऱ्या विमानाला रेडिओ लहरींनी वाट दाखवणाऱ्या यंत्रणेच्या) अँटेनाच्या काँक्रीटच्या बांधकामावर आपटलं. धक्क्यासरशी मोडून पडेल असं बांधकाम तिथे हवं होतं.

उप-वैमानिकाने तीनदा सांगितलं, मग ताबा का घेतला नाही? मंगळूरच्या अहवालाने याचं उत्तर दिलं आहे. उप-वैमानिकाला स्वतः गो-अराउंड सुरू करण्याचा अधिकार देणाऱ्या वेगवेगळ्या सूचनांमध्ये संदिग्धता होती, त्यामुळे त्याने हाका मारल्या पण कंट्रोल हातात घेतले नसावेत, असा त्याचा आशय. हे वाक्य एकाही मथळ्यात आलेलं आठवत नाही.

दहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २०२० ला, कोझिकोड. पुन्हा दुबईहून, पुन्हा ७३७-८००, पुन्हा टेबलटॉप, आणि यावेळी मुसळधार पाऊस. विमानात १९० जण, त्यांपैकी दोन्ही वैमानिक धरून २१ दगावले. पहिला प्रयत्न पश्चिमेकडे तोंड असलेल्या धावपट्टीवर झाला. कॅप्टनच्या बाजूचा वायपर काही सेकंद चालून बंद पडला आणि ते रीतसर वर निघून गेले. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. दुसऱ्या प्रयत्नाला उलट दिशा घेतली, म्हणजे वारा पाठीमागून. पाठीमागून दहा नॉट वारा असला तर उतरायला लागणारं अंतर ढोबळ मानाने पाचव्या हिश्शाने वाढतं. ओल्या धावपट्टीचं वेगळंच. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान ४,४३८ फुटांवर टेकलं. अर्धी धावपट्टी मागे. उप-वैमानिकाने गो-अराउंडची हाक दिली होती. ताबा घेतला नाही.

या वेळच्या अहवालाने संभाव्य कारणातच तीन गोष्टी लिहिल्या: कॅप्टनने अस्थिर विमान उतरवलं, हाक ऐकूनही वर गेले नाहीत, आणि उप-वैमानिकाने ताबा घेऊन गो-अराउंड केलं नाही. म्हणजे २०१० मध्ये जी सूचनांमधली संदिग्धता म्हणून नोंदली गेली, तीच २०२१ च्या अहवालात उप-वैमानिकाची त्रुटी होऊन आली. मधल्या दहा वर्षांत परिपत्रकं निघाली असतील, प्रशिक्षणाच्या वह्यांत कलमं वाढली असतील. उजव्या खुर्चीतला, म्हणजे उप-वैमानिकाचा, हात मात्र मांडीवरच राहिला.

हे का होतं ते बाहेरून कळणं अवघड आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. बहुतेक कंपन्यांत दोन हाकांचा नियम असतो. पहिल्या हाकेला योग्य प्रतिसाद नाही, दुसऱ्यालाही नाही, तर समोरचा अक्षम झाला आहे असं समजून 'आय हॅव कंट्रोल' म्हणायचं आणि विमान चालवायचं. ५०० फुटांवर, मिनिटाला हजार फुटांनी खाली येताना, हातात तीस सेकंद असतात. दोन हाका आणि दोन उत्तरांची वाट यात आठ-दहा सेकंद जातात. उरलेल्या वीस सेकंदांत पंचविशी-तिशीतल्या उप-वैमानिकाने आपल्याहून दहापट तास उडालेल्या माणसाला 'तुम्ही आता काम करण्याच्या स्थितीत नाही' असं कृतीने सांगायचं असतं. कॅप्टन बेशुद्ध पडला असता तर ते सोपं होतं. इथे तर तो जागा आहे, विमान चालवतो आहे, आणि बरोबर असल्यासारखा आत्मविश्वासाने चालवतो आहे. भीती अशीही असते की मी ताबा ओढला आणि दोघेही दोन दिशांना खेचत बसलो तर? ती भीती खोटी नाही. आपल्याकडे तर 'सर' हा शब्द वाक्याच्या आधी लागतो, आणि 'सर, गो-अराउंड?' म्हटलं की आज्ञेचा प्रश्न होतो.

यावर उपाय भाषणाने होत नाही. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये होतो. डाव्या खुर्चीत बसलेल्या प्रशिक्षकाने मुद्दाम ऐकायचं नाही, आणि उजवीकडच्याने ५०० फुटांच्या खाली, रात्री, पावसात, खरोखर ताबा घेऊन विमान वर न्यायचं. एकदा नाही, दर आवर्ती तपासणीत. हँगरच्या आणि प्रशिक्षण वर्गांच्या भिंतींवर 'डर्टी डझन'चं पोस्टर असतं, माणसाच्या बारा दुबळेपणांचं. त्यात ठामपणाचा अभाव हाही एक. पोस्टर लावणं स्वस्त पडतं, सिम्युलेटरचा तास महाग.

कोझिकोडच्या अहवालातला सर्वांत बोलका आकडा मात्र धावपट्टीचा नाही. त्या तळावर कंपनीचे २६ उप-वैमानिक होते आणि कॅप्टन एक. दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण याच कॅप्टनना न्यायचं होतं. विमान दुसरीकडे वळवलं असतं तर विश्रांतीचे तास जुळले नसते आणि सकाळचं उड्डाण अडकलं असतं. अहवालाने कोझिकोडलाच उतरण्याची ही ओढ आणि तळावर कॅप्टन पुरेसे न ठेवणारं मनुष्यबळ धोरण, दोन्ही कारणांत घातली आहेत. कॅप्टन डॉक्टरी सल्ल्याविना मधुमेहाची औषधं घेत होते, त्याने विचारशक्तीवर सूक्ष्म परिणाम झाला असावा, हेही लिहिलं आहे. आजार सांगितला तर वैद्यकीय प्रमाणपत्र जाईल ही धास्ती या व्यवसायात जुनी आहे. तर मग ही 'वैमानिकाची चूक' नेमकी कुठे झाली? पावसात, शेवटच्या तीस सेकंदांत? की काही महिने आधी, एका वातानुकूलित खोलीत, कोणीतरी पदस्थापनेच्या तक्त्यावर सही केली तेव्हा?

खुर्च्यांमधल्या या उतरंडीचा इतिहास मुंबईलाही ठाऊक आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे जंबो सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात गेलं. २१३ मृत्यू. भारतीय चौकशीनुसार कॅप्टनसमोरचं विमानाचा कल दाखवणारं यंत्र बिघडलं होतं. ते उजवीकडे झुकल्याचं दाखवत होतं, म्हणून त्यांनी विमान डावीकडे वळवत नेलं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, डोळ्याला क्षितिज नाही. अशा वेळी कानातला तोल सांभाळणारा अवयवही खोटं बोलतो. पण बाजूला दुसरं यंत्र होतं, मधोमध तिसरं होतं. मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने 'त्या यंत्रावर जाऊ नका' अशा अर्थाचं सांगितलंही होतं. वेळ उरली नव्हती.

त्याच्या आदल्या वर्षी, २७ मार्च १९७७ ला, टेनेरिफला धुक्यात दोन जंबो धावपट्टीवर एकमेकांवर आदळले आणि ५८३ माणसं मेली. उड्डाणाला निघालेल्या केएलएम या डच कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने समोरचं पॅन अॅम या अमेरिकी कंपनीचं विमान धावपट्टीवरून बाहेर गेलं आहे ना, अशी शंका काढली होती. कॅप्टन कंपनीचे प्रमुख प्रशिक्षक, त्यांनी ती उडवून लावली. त्यानंतर एक बारीकशी पण जीव वाचवणारी सुधारणा झाली: 'टेक-ऑफ' हा शब्द नियंत्रकाने फक्त प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा. बाकी सगळीकडे 'डिपार्चर'. माणूस चुकणार हे मान्य करून त्याच्या वाटेतला एक खड्डा बुजवला.

यंत्राच्या रचनेतले खड्डे असेच बुजवावे लागतात. २००५ मध्ये हेलिऑस या सायप्रसच्या कंपनीचं ७३७ ग्रीसमध्ये कोसळलं, १२१ जण गेले. केबिनमधला हवेचा दाब राखणारा स्विच देखभालीनंतर 'मॅन्युअल'वर राहिला होता. दाब कमी झाल्याचा भोंगा वाजला, पण तोच भोंगा जमिनीवर असताना 'उड्डाणाची जुळणी चुकली' हे सांगायलाही वापरतात. वैमानिकांनी दुसराच अर्थ घेतला आणि प्राणवायू कमी पडून डोकं बंद होत गेलं. एका आवाजाला दोन अर्थ ठेवणाऱ्याचं नाव मथळ्यात येत नाही.

आता हँगर, म्हणजे विमानांची देखभाल होते ती जागा. या बाजूकडे वृत्तपत्रांचं लक्ष जवळजवळ नसतंच, म्हणून जरा रेंगाळतो. १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हनची डावीकडची पुढची काच सुमारे १७,००० फुटांवर उडाली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले, उप-वैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, सगळे वाचले. ती काच सुमारे २७ तास आधी, रात्रपाळीत बदललेली होती. ९० बोल्ट. त्यातले ८४ व्यासाने इंचाच्या सव्वीस सहस्रांश, म्हणजे एक मिलिमीटरहूनही कमी, बारीक निघाले.

चूक कशी झाली ते पाहण्यासारखं आहे. रात्रपाळीत माणसं कमी, म्हणून शिफ्टच्या प्रमुखाने काम स्वतः अंगावर घेतलं. पहाटे तीन ते पाचची वेळ. काढलेले बोल्ट मुळातच ठरलेल्यापेक्षा आखूड होते, पण चार वर्षं टिकले होते, म्हणून त्याने 'हेच चालतात' असं धरलं. भांडारातल्या माणसाने योग्य बोल्टचा क्रमांक सांगितला होता. ऐकलं नाही. हवे तेवढे तिथे मिळाले नाहीत, म्हणून तो दुसऱ्या, कोणी नसलेल्या आणि मंद उजेडाच्या भांडारात गेला आणि जुना बोल्ट शेजारी धरून नजरेने जुळवले. सुट्या भागांच्या यादीत क्रमांक पाहायला दोन मिनिटं लागली असती. बसवताना बारीक बोल्टचं डोकं खोबणीत जास्त खोल बसलेलं दिसत होतं, पण विमानापाशी उभं राहायची जागा अडचणीची आणि हाताने नजर झाकलेली. आणि हे काम दुसऱ्याने तपासलंच पाहिजे अशा यादीत नव्हतं. तो माणूस कामचुकार मुळीच नव्हता, उलट काम उरकणारा म्हणून नावाजलेला होता. देखभालीतल्या घातक चुका बहुधा अशाच हातून होतात.

१९९३ च्या औरंगाबाद अपघाताचंही असंच. विमान उशिरा उचललं, ही वैमानिकांची चूक अहवालात आहेच. पण धावपट्टीच्या टोकाजवळून जाणाऱ्या बीड रस्त्यावर विमानांच्या वेळेला वाहनं अडवली गेली नाहीत, आणि कापसाच्या गाठी भरलेला ट्रक नेमका तेव्हा तिथे आला, हेही आहे. ५५ जण गेले.

थकव्याचे नियम हा यातला आजचा विषय. डीजीसीएने, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाने, जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांचे सुधारित नियम काढले: आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत, रात्रीच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर. अंमलबजावणी पुढे ढकलत ढकलत जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशी दोन टप्प्यांत आली. डिसेंबरमध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीचं वेळापत्रक कोलमडलं, कारण तिने तयारी पुरेशी केली नव्हती. आणि त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. प्रवाशांचे हाल खरे होते. पण पहाटे पाच ते सहा हा तास, म्हणजे मंगळूरच्या विमानाचा शेवटचा पूर्ण तास, पुन्हा 'दिवस' मानला गेला, हे किती बातम्यांत आलं? आणि हे नियम वैमानिकांचे. काच बसवणाऱ्या रात्रपाळीच्या अभियंत्याला ते लागू नाहीत.

राहता राहिलं अहमदाबाद. १२ जून २०२५ च्या एअर इंडियाच्या विमान अपघातात २६० बळी गेले. प्राथमिक अहवालात दिसतं ते एवढंच: दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'कट-ऑफ'ला (इंधन बंद) गेले, सुमारे दहा सेकंदांनी परत 'रन'ला येऊ लागले. एका वैमानिकाने दुसऱ्याला 'का बंद केलंस' असं विचारलं, दुसऱ्याने 'मी नाही केलं' असं सांगितलं. कोण कोणाला म्हणालं, ते त्यात नाही. हे स्विच धक्क्याने सरकत नाहीत, उचलून खाचेवरून ओलांडावे लागतात. त्यांच्या खाचेबद्दल अमेरिकी नियामकाने २०१८ मध्ये एक सूचना काढली होती, ती बंधनकारक नव्हती, आणि ती तपासणी झाली नव्हती, हेही त्याच अहवालात आहे. एवढ्यावर कोणाला दोषी किंवा निर्दोष ठरवणं शक्य नाही. आंतरराष्ट्रीय नियमांच्या तेराव्या परिशिष्टानुसार अपघात चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं एवढाच असतो, दोषवाटप नाही. वाहिन्यांनी ते पंधरा मिनिटांत करून टाकलं.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. मंगळूर आणि कोझिकोड या दोन्ही अहवालांच्या शेवटी शिफारशींची यादी आहे. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे त्या यादीतली प्रत्येक शिफारस स्वीकारली का, कोणत्या तारखेला अमलात आली, आणि तपासली कोणी, असा माहिती अधिकारात अर्ज करा. त्याच अर्जात आणखी दोन प्रश्न घाला: उप-वैमानिकाने जिवंत, जाग्या कॅप्टनकडून ताबा घेण्याचा सराव सिम्युलेटरमध्ये वर्षातून किती वेळा होतो, आणि कोझिकोडच्या तळावर आज किती उप-वैमानिकांमागे किती कॅप्टन आहेत.

आपला,
विमान देखभाल क्षेत्रातला एक निवृत्त अभियंता,
सांताक्रूझ, मुंबई